क्लोव्हेली : इंग्लंडचे मोटारविरहित किनारी गाव

क्लोव्हेली हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ऐतिहासिक मच्छीमार गाव. बिडेफर्ड शहराच्या पश्चिमेस सुमारे १८ किलोमीटरवर, समुद्राकडे तोंड केलेल्या उंच कड्याच्या घळीत ते वसले आहे. गोटे बसवलेला, पायऱ्यापायऱ्यांचा मुख्य रस्ता सुमारे १२० मीटर उतरून धक्क्याला भिडतो. त्यावर वाहनांना वाव नाही. किराणा असो वा फर्निचर, सामान लाकडी घसरगाड्यांवरूनच खाली नेतात. पूर्वी हे काम गाढवे करीत; आता ती प्रामुख्याने पर्यटकांचे, विशेषतः मुलांचे आकर्षण ठरली आहेत.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज केरी या जमीनदाराने बंदराचा धक्का वाढवला आणि हेरिंग मासेमारीला आश्रय मिळाला. १७३८ पासून गाव हॅम्लिन घराण्याच्या मालकीचे आहे. १८८४ ते १९३६ या काळात मालकीण असलेल्या क्रिस्टीन हॅम्लिन यांनी जुन्या घरांची डागडुजी केली. अनेक भिंतींवर त्यांची आद्याक्षरे आजही दिसतात.

गावाची कीर्ती साहित्याने पसरवली. कादंबरीकार चार्ल्स किंग्जली यांचे वडील येथे धर्मोपदेशक होते. बालपणी अनुभवलेल्या या परिसराची छाया किंग्जलींच्या ‘वेस्टवर्ड हो!’ (१८५५) या कादंबरीवर पडली आणि पर्यटकांची रीघ लागली. हेरिंगचे थवे घटल्यावर हेच पाहुणे गावाचा आधार बनले.

पाहण्याजोग्या ठिकाणांत किंग्जली संग्रहालय, जुन्या मच्छीमाराचे घर, क्लोव्हेली कोर्टची भिंतबंद बाग, बंदर आणि जंगलातून जाणारी ‘हॉबी ड्राइव्ह’ ही वाट यांचा समावेश होतो. नोव्हेंबरात हेरिंग महोत्सव भरतो.

प्रवेशासाठी तिकीट लागते. राहत्या गावात शिरण्यास शुल्क का, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. परंतु वारसास्वरूप घरांच्या देखभालीस हा पैसा उपयोगी पडतो. शिवाय घरे विकली न जाता भाड्याने दिली जातात आणि भाडेकरूने तेथे कायम राहावे अशी अपेक्षा असते. इंग्लंडच्या अनेक रम्य किनारी गावांतील घरे धनिकांची सुटीतली घरे बनून हिवाळ्यात ओस पडतात. क्लोव्हेलीत मात्र चिमण्यांतून धूर निघतो.

परतीची चढण दमवणारी असल्याने मजबूत पादत्राणे आवश्यक. ज्यांना ती झेपत नाही, त्यांच्यासाठी पर्यटन हंगामात मागील रस्त्याने सशुल्क वाहनसेवा असते.