ग्रामसभेत सगळेच ‘हो’ म्हणतात, कारण काय? समजून घ्या ‘ग्रुपथिंक’

सरपंच आधी बोलले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, ठराव एकमताने मंजूर! अशा एकमताला येल विद्यापीठाचे प्राध्यापक आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये ‘ग्रुपथिंक’ म्हटलं. १९६१ चा क्युबावरचा हल्ला फसला, कारण केनेडींच्या सल्लागारांनी शंका मनातच ठेवल्या, असं त्यांचं म्हणणं. उपाय? प्रमुखाने आपलं मत आधी सांगू नये आणि त्याच विषयावर वेगळ्या गटांनी स्वतंत्र चर्चा करावी.

यातली दुसरी सोय बुलढाण्यातल्या गावांना कायद्यानेच मिळाली आहे: ग्रामसभेआधी महिला सभा. पण तीच कागदावर उरकली तर? ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली कमी असेल ती. तहकूब सभेला तर तीही अट नाही. म्हणजे गावाच्या पाण्याचा निर्णय मोजकी माणसंही घेऊ शकतात.