औरस, क्षेत्रज, दत्तक आणि संततीचा पुरावा

रत्नागिरी जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांच्या वंशावळी चाळणाऱ्या संशोधकास दोन शब्द वारंवार आढळतात : ‘निपुत्रिक’ आणि ‘दत्तक’. पहिला शब्द एका शाखेचा शेवट सांगतो. दुसरा तीच शाखा पुढें चालल्याचें सांगतो. अलीकडे या दोहोंच्या शेजारीं तिसरा मार्ग निघाला आहे. स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग शरीराबाहेर करून तो गर्भ गर्भाशयांत ठेवतां येतो, आणि त्यांपैकीं एखादें बीज परक्याचेंही असूं शकतें. या मार्गाच्या नीतीविषयीं जी चर्चा होते तींत हा प्रश्न सर्वस्वीं नवा मानला जातो. आमच्या मतें त्याचा एक भाग फार जुना आहे व दुसराच काय तो नवा आहे. आणि दोहोंचा निकाल अखेरीस कागदावर येऊन ठेपतो.

जुना भाग प्रथम पाहूं. चिपळूणजवळील परशुराम-पेढें या भागांत १८८० सालीं जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) नियोगाचा व तिसऱ्या खंडांत (१९४६) दत्तकाचा परामर्श घेतला आहे. मनूनें बारा प्रकारचे पुत्र गणिले आहेत. त्यांत औरसाच्या पाठोपाठ क्षेत्रज येतो. क्षेत्र म्हणजे पत्नी. बीज दुसऱ्याचें, पुत्र पतीचा. बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र, हा वाद स्मृतिकारांनीं नवव्या अध्यायांत मांडला असून त्याचा निर्णय व्यवहारी आहे : करार नसल्यास फळ क्षेत्रस्वामीचें, करार असल्यास तें दोघांचें. दोन पित्यांच्या अशा पुत्रास ‘द्व्यामुष्यायण’ ही संज्ञा आहे.

नियोगास निर्बंधही कडक होते. वडिलांची आज्ञा हवी, अंगास तूप माखावें, मौन पाळावें, एकच पुत्र व्हावा. कांहींच्या मतें दुसरा चालेल, अधिक नाहीं. कार्य संपल्यावर उभयतांनीं परस्परांशीं श्वशुर व स्नुषा यांप्रमाणें वागावें. पुढच्याच श्लोकांत मनु या आचाराची निंदा करतो, आणि पुढील निबंधकारांनीं तो कलिवर्ज्य ठरविला. कलियुगांत औरस व दत्तक हे दोनच पुत्र उरले. विकत घेतलेला ‘क्रीत’ पुत्रही त्याबरोबरच गेला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मात्र या सर्व विचारांत स्त्रीच्या इच्छेस फारसें स्थान नव्हतें. आठ वर्षें अपत्य न झाल्यास पत्नी असतां दुसरी करावी असें मनु सांगतो. दोष पुरुषाकडे असल्याची तशी उघड वाच्यता तेथें नाहीं. वास्तविक नियोगाची व्यवस्थाच पुरुषाचें वैगुण्य गृहीत धरून निघालेली आहे, आणि आजचें वैद्यकही वंध्यत्वाचीं कारणें उभयतांत शोधतें.

पुत्रत्वाचा पुरावा कसा कामास येतो व कोठें अपुरा पडतो, हें याच जिल्ह्यांतून गेलेल्या एका घराण्यानें दाखविलें. झांशीचे नेवाळकर मूळचे लांजें तालुक्यांतील कोट गांवचे. गंगाधरराव नेवाळकर यांचा १८५१ सालीं झालेला पुत्र कांहीं महिन्यांतच वारला. २० नोव्हेंबर १८५३ रोजीं त्यांनीं घराण्यांतील मुलगा आनंदराव यास दत्तक घेऊन त्याचें नांव दामोदरराव ठेविलें. दुसऱ्याच दिवशीं ते निवर्तले. विधीस मेजर एलिस व कॅप्टन मार्टिन हे इंग्रज अधिकारी हजर होते. साक्षी, विधि व कागद यांत न्यून नव्हतें. तरीही १८५४ च्या आरंभीं लॉर्ड डलहौसीनें संस्थान खालसा केलें. खाजगी मालमत्तेपुरता दत्तक पुत्र, राज्यापुरता मात्र पुत्र नव्हे, असा हा न्याय होता. पुत्रत्व पूर्ण मानावयाचें कीं अर्धें, हें अखेरीस सत्ता ठरविते, हाच त्याचा इत्यर्थ.

आतां नव्या भागाकडे वळूं. प्राचीनांनीं पितृत्वाचे दोन तुकडे कल्पिले. मातृत्व मात्र त्यांस एकच ठाऊक होतें. प्रयोगशाळेनें मातृत्वाचे तीन भाग केले : स्त्रीबीज देणारी, उदरीं वाढविणारी आणि संगोपन करणारी. हा भेद कोणत्याही स्मृतींत सांपडणार नाहीं. हिंदुस्थानांतील २०२१ चे दोन कायदे — एक सहाय्यित प्रजननाचा, दुसरा सरोगसीचा — २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आहेत. त्यांत धंद्यासाठीं गर्भ वाहणें निषिद्ध आहे. गर्भ वाहणाऱ्या स्त्रीनें आपलें बीज देऊं नये व आयुष्यांत एकदांच हें काम करावें, असा नियम आहे. स्त्रीबीजदात्रीनेंही एकदांच, जास्तींत जास्त सात बीजें द्यावीं. एका पुरुषदात्याचें बीज एकाच दांपत्यास द्यावें. क्रीतत्वाचा निषेध व एकदांची मर्यादा पाहून जुन्या ग्रंथांचें स्मरण होतें. परंतु एक मोठा भेद आहे : आज लेखी संमति अनिवार्य असून ती स्त्रीचीही लागते.

दुसरा भेद अधिक गंभीर आहे. नव्या कायद्यानें जन्मलेलें मूल दांपत्याचें औरसच मानलें जातें, आणि दात्याचा हक्क पूर्णपणें संपतो. मुलाच्या संरक्षणासाठीं हें योग्यच आहे. दामोदररावाच्या वांट्यास आलेलें अर्धें पुत्रत्व त्याच्या वांट्यास येऊं नये. परंतु दत्तक उघड असे. साक्षीदार असत, नांव वंशावळींत पडे. येथें मात्र दात्याची माहिती गुप्त राहते व मुलाला ती मागण्याचा हक्क या कायद्यांत दिलेला नाहीं. स्वीडननें तो १९८५ पासून व ब्रिटननें १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांसंबंधानें, मूल अठरा वर्षांचें झाल्यावर, दिला आहे.

कागदाचें सामर्थ्य किती, याचें उदाहरण याच शास्त्राच्या इतिहासांत आहे. ऑगस्ट १९८६ मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशा पद्धतीनें मूल जन्मलें, व तें देशांतील पहिलें गणलें गेलें. त्यापूर्वीं ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगांतून मुलगी जन्मली होती. परंतु सरकारी समितीनें त्यांचें म्हणणें मानलें नाहीं, आणि १९८१ सालीं त्यांनीं प्राणत्याग केला. १९९७ सालीं डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनीं मुखोपाध्यायांचीं हस्तलिखित टिपणें तपासलीं व अग्रमान त्यांचा असल्याचें जाहीर केलें. मुंबईच्या प्रयोगांत आनंदकुमार स्वतः सहभागी होते. तरी त्यांनीं पुराव्याच्या बाजूनें निर्णय दिला. जपून ठेवलेल्या वह्यांनीं मृतास न्याय मिळाला.

यांतून संग्राहकांपुढें दोन कर्तव्यें उभीं राहतात, आणि तीं परस्परविरोधी वाटतात. कायद्यानें केंद्रांनीं नोंदी निदान दहा वर्षें जपून नंतर राष्ट्रीय नोंदवहीकडे सोंपवावयाच्या आहेत. या नोंदी नष्ट होऊं नयेत असें कोणीही इतिहासप्रेमी म्हणेल. परंतु त्या पुढील कुलवृत्तांतकाराच्या उपयोगासाठीं नाहींत. वंशावळींत अशा मुलाचें नांव इतर मुलांप्रमाणेंच लिहावें, खूण करूं नये. कारण ‘दत्तक’ शब्द लिहितांना मुलाचें कांहीं हिरावलें जात नव्हतें, येथें तें जाण्याचा संभव आहे. नोंद सुरक्षित असावी, आणि तिची किल्ली वयांत आलेल्या त्या मुलाच्याच हातीं असावी, असें आमचें मत आहे. क्षेत्रस्वामी व बीजस्वामी यांचा वाद शास्त्रकारांनीं पुष्कळ घातला. ज्याच्याविषयीं तो चालला होता, त्या पुत्रास मात्र कोणीं विचारलें नाहीं. ती उणीव भरून काढणें हें आमच्या पिढीचें काम आहे.