गाडी नांदगावात संपली

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी दसऱ्याला एक तलवार पुजली जाते. आरती झाली की काका दरवर्षी तेच सांगतात: आपले पूर्वज भास्करपंतांच्या फौजेतून घोड्यावर बसून आले. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४१ साली रतनपूरवर चालून आले, हैहय राजाने शरणागती पत्करली, ही इतिहासातली गोष्ट. त्या फौजेत आमचा कुणी होता, ही घरातली. रायपुरातल्या बऱ्याच मराठी घरांत हा घोडा बांधलेला असतो.

वंशावळ लिहायला बसलो आणि घोडा पहिल्याच पानावर अडला. काकांना वडिलांपासून वर पाच नावं तोंडपाठ. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर पाच नावांत १७४१ पर्यंत जाता येत नाही. मधली तीन-चार माणसं गळाली, असं काकांचं म्हणणं. गळतातही. पण गळालेली माणसं मोजायची कशी?

आजीची गोष्ट निराळी होती आणि ती दसऱ्याला सांगायची नव्हती. घरात कुणी बाळंत झाली की अळीव आणि डिंकाच्या लाडवांबरोबर तिला कांके पानी दिलं जायचं. हा छत्तीसगढी काढा. मराठी माहेरांतून आलेल्या सुना नाक मुरडायच्या. मग आजी सांगायची, "गाडी नांदगावात संपली. पुढे बैलगाडी. शिवनाथेच्या काठी आजेसासूबाईंना कळा सुरू झाल्या. तिथल्या सुईणीने सोडवलं आणि हे पाजलं. म्हणून आपल्यात देतात. पी."

मूल जगलं, नाव शिवनाथ ठेवलं. तेच माझे पणजोबा. विष्णू, गोविंद, विनायक अशा नावांच्या घरात हे एकच नाव नदीचं.

ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेन, पण "गाडी नांदगावात संपली" या तीन शब्दांकडे लक्ष गेलं ते फार उशिरा. नागपूरहून निघालेली छत्तीसगढची मीटरगेज लाइन १८८० नंतर लवकरच राजनांदगावपर्यंत आली आणि तिथे थांबली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने ती लाइन रुंद केली आणि दशक संपता संपता गाडी रायपूरला आणली. म्हणजे नांदगावात उतरून सत्तरेक किलोमीटर बैलगाडीने जायची वेळ रायपूरच्या प्रवाशावर आली ती जेमतेम सात-आठ वर्षं. आजीला सन माहीत नव्हता, पण तिने तो सांगितला होता.

आता कुठल्या वर्षांत शोधायचं ते कळलं होतं. एका जुन्या शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात पणजोबा सापडले. जन्म १८८५. वडिलांचा व्यवसाय: नकलनवीस.

नक्कल करणारा कारकून. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, कचेऱ्या वाढल्या आणि लिहिता येणारी माणसं लागली. तशांतलाच हा एक.

काकांना कागद दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तलवार कुणाची?" मला उत्तर देता आलं नाही. पुरुषांची गोष्ट खोटी आणि बायकांची खरी, असंही मला म्हणायचं नव्हतं. फक्त, घोड्याच्या गोष्टीने घराला मान मिळत होता, म्हणून ती घासूनपुसून ठेवली गेली. कांके पानीच्या गोष्टीने काहीच मिळत नव्हतं, म्हणून कुणी तिला हात लावला नाही. तलवारीशेजारी पाटावर एक पितळी दौतही असते. तिच्याबद्दल काका कधी काही सांगत नाहीत.

पंधरा दिवसांनी रात्री त्यांचा फोन आला. त्यांची आजी म्हणजे शिवनाथांची बायको सासूची नक्कल करायची, ते त्यांना आठवलं होतं. सुनेचं काही चुकलं की सासू म्हणायची, "आमच्या आर्वीला असलं नव्हतं हो."

हे आधी का नाही सांगितलं, मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं?" काका म्हणाले. मग थोडं थांबून, "वर्ध्याकडची आर्वी ना रे ती? कधी जायचं?"