यादीपासून उत्तरापर्यंत : सर्च इंजिन आणि व्यावसायिक मजकूर

सर्च इंजिनवर आपल्या धंद्याचे नाव झळकावे यासाठीची धडपड सर्च इंजिनांइतकीच जुनी आहे. मजकूर निवडण्याची यंत्राची रीत जसजशी बदलली, तसतशी विक्रेत्यांची साधनेही बदलत गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या उत्तरात स्थान मिळवणे हा या प्रवासाचा सर्वांत अलीकडचा टप्पा होय.

सुरुवात यादीपासून झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये वेबसाइटींची विषयवार सूची तयार केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. कोणती वेबसाइट कोणत्या विषयाखाली घालायची, हे तेथे माणसे ठरवत. डिसेंबर १९९५ मध्ये आलेल्या ‘अल्टाव्हिस्टा’ने पानांतील सगळ्या शब्दांची अनुक्रमणिका केली आणि शब्दांना भाव आला. एकच शब्द पानभर घोळवण्याची प्रथा पडली. काही जण पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्दांच्या रांगा दडवत. वाचकाला ते पान नेहमीसारखेच दिसे. यंत्राला मात्र त्यात शेकडो शब्द सापडत.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ‘गूगल’ची स्थापना केली. त्यांच्या ‘पेजरँक’ पद्धतीत दुसऱ्या पानाने दिलेली लिंक म्हणजे एक मत धरले जाई, आणि मत देणारे पान जितके वजनदार, तितके त्या मताचे मोल अधिक. साहजिकच लिंका विकत घेण्याचा बाजार उभा राहिला. ‘एसईओ’ म्हणजे शोधयादीत पान वर आणून देण्याचा व्यवसाय याच काळात फोफावला. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ हा बदल करून निकृष्ट, भरताड मजकूर मागे ढकलला, तर एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ने बनावट लिंकांवर घाव घातला. अशा क्लृप्त्यांवर उभे असलेले कित्येक धंदे तेव्हा शोधयादीत पार खाली गेले.

यादीकडून उत्तराकडे वळण याच सुमारास लागले. गूगल, याहू आणि बिंग या सर्च इंजिनांनी जून २०११ मध्ये ‘स्कीमा’ ही सामाईक खूणपद्धत जाहीर केली. दुकानाच्या पानावर ‘सकाळी १० ते रात्री ८’ असे लिहिले, तर ती दुकान उघडे असण्याची वेळ आहे हे माणसाला आपोआप कळते. यंत्राला ते या खुणेमुळे निःसंदिग्धपणे सांगता येऊ लागले. पुढे शोधयादीच्या माथ्यावर थेट उत्तराची चौकट दिसू लागली. तिच्यासाठी मजकूर लिहिण्याची एक शैलीच रुळली : शीर्षकात प्रश्न आणि लगेच खाली दोन-तीन वाक्यांत त्याचे उत्तर.

नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रश्नांना संवादातून उत्तरे देणारे ‘चॅटजीपीटी’ आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बिंगने संवादातून उत्तर देणारा शोध सुरू केला. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत शोधयादीच्या वर एआयने रचलेला सारांश दाखवणारे ‘एआय ओव्हरव्ह्यू’ आणले. ऑगस्टमध्ये ते भारतात इंग्रजी व हिंदीत पोहोचले. अशी यंत्रणा आधी प्रश्नाशी संबंधित पाने शोधते, त्यांतील उपयुक्त भाग उचलते आणि त्यांच्या आधारे नवे उत्तर रचते. त्यामुळे अख्ख्या पानाइतकेच त्यातील एकेका परिच्छेदाला महत्त्व आले. मागचा-पुढचा संदर्भ नसतानाही ज्याचा अर्थ लागतो, असा परिच्छेद उचलला जाणे सोपे असते.

एआयच्या उत्तरात स्थान मिळवण्याच्या या नव्या कसबाचा पद्धतशीर अभ्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि आयआयटी दिल्ली येथील संशोधकांचा त्यात सहभाग होता. मजकुरात आकडेवारी, जाणकारांची अवतरणे आणि आधाराचे उल्लेख घातले, की उत्तरातील त्याची दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे त्यांना आढळले. शब्द पुन्हा पुन्हा घोळवण्याच्या जुन्या युक्तीने विशेष काही साधले नाही. तरीही यंत्राची पारख निर्दोष नाही. मे २०२४ मध्ये पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालण्याचा सल्ला गूगलच्या उत्तरात आला. त्याचा उगम कोणीतरी गमतीने लिहिलेल्या जुन्या मजकुरात होता. यंत्र चुकीचा मजकूरही उचलू शकते, म्हणूनच पत्ता, दर, वेळा आणि वस्तूंचे तपशील सगळीकडे अचूक व एकसारखे ठेवणे हे व्यावसायिकाचे मूळ काम ठरते.

उत्तरात नाव आले म्हणजे गिऱ्हाईक वेबसाइटवर येतेच असे नाही. ‘प्यू रिसर्च सेंटर’ने अमेरिकेतील मार्च २०२५ मधील वापर तपासला. एआयचा सारांश दिसला तेव्हा शोधयादीतील लिंक ८ टक्के वेळा उघडली गेली. सारांश नसताना हे प्रमाण १५ टक्के होते. खुद्द सारांशातील लिंक जेमतेम १ टक्का वेळा उघडली गेली. आपला मजकूर या उत्तरांत नको असेल, तर गूगलच्या ‘नोस्निपेट’ या सूचनेने तो बाहेर ठेवता येतो. पण मग नेहमीच्या शोधयादीत पानाच्या नावाखाली दिसणारा उताराही जातो. उत्तरात राहून भेटी कमी होऊ द्यायच्या की बाहेर राहून ओळख गमवायची, हा हिशेब आता प्रत्येक धंद्याला स्वतःच मांडावा लागतो.