वऱ्हाडातील हौशी कबड्डी

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम या जिल्ह्यांतील, खेळावर उपजीविका नसलेल्या खेळाडूंची मंडळे व त्यांचे सामने यांविषयीची नोंद. शेतकरी, शेतमजूर, विद्यार्थी आणि छोटे नोकरदार हे या मंडळांतील मुख्य खेळाडू होत.

पूर्वपीठिका : हुतूतू या नावाने गावोगावी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे संजीवनी (बाद गडी पुन्हा डावात येतो), गामिनी (सर्व गडी बाद होईपर्यंत कोणी परतत नाही) व अमर (बाद गडी मैदानातच राहतो, गुण मात्र मोजला जातो) असे प्रकार होते. १९१८ मध्ये सातारा येथे नियमांना एकरूपता देण्याचा प्रयत्न झाला आणि १९२३ मध्ये बडोदे येथे अखिल भारतीय स्पर्धा भरली. आजचा खेळ मुख्यत्वे संजीवनीवर उभा आहे.

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अमरावती : वऱ्हाडातील संघटित मैदानी खेळांचा विचार या संस्थेला वगळून करता येत नाही. अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या मंडळाने आखाड्यातील कुस्ती, मल्लखांब व लेझीम यांच्या बरोबरीने सांघिक देशी खेळांना स्थान दिले आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय चालवून प्रशिक्षित शिक्षकांची फळी उभी केली. गावातील मंडळाला आखलेले मैदान, शिट्टी आणि नियम जाणणारा पंच ज्यांच्यामुळे मिळाला, त्यांत या शिक्षकांचा वाटा मोठा आहे, आणि एखाद्या चषकापेक्षा हे कार्य अधिक मोलाचे मानले पाहिजे. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या काळात देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. कबड्डी तेथे ‘ऑलिंपिकमध्ये खेळली गेली’ असा उल्लेख काही लेखनात येतो. तथापि ती पदकांसाठीची स्पर्धा नव्हती. मंडळाचे प्रभाकर वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.

संघटना : १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि १९७० नंतरच्या दशकात आकाराला आलेल्या राष्ट्रीय महासंघाच्या नावात ‘हौशी’ या अर्थाचा शब्द समाविष्ट झाला. राष्ट्रीय स्पर्धांत, वऱ्हाड ज्यात मोडते त्या विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून स्वतंत्रपणे उतरतो. १९५६ पूर्वी हा प्रदेश मुंबई राज्यात नव्हता, या इतिहासाशी या वेगळेपणाचा संबंध जोडला जातो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून पाचही जिल्ह्यांचे विद्यार्थी समोरासमोर येतात.

सामन्यांचे स्वरूप : एका संघाचे सात खेळाडू मैदानात असतात, पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन डाव होतात आणि प्रतिपक्षाचे सर्व गडी बाद केल्यास लोणाचे दोन जादा गुण मिळतात. गावपातळीवरील स्पर्धा बहुधा पिकांची गर्दी ओसरल्यावर, दिव्यांच्या उजेडात, रात्री उशिरापर्यंत चालतात. त्या अनेकदा वजनगटांत घेतल्या जातात, म्हणजे खेळाडूला वयाने नव्हे तर तराजूवरील किलोंनी प्रवेश मिळतो, त्यामुळे चपळ पण हलक्या मुलालाही चढाईची संधी राहते. प्रवेश फी मंडळाने भरायची आणि बक्षिसाची रक्कम गावातील देणगीदारांनी द्यायची, ही सर्वसाधारण रीत आहे. नेदरलँड्समधील हौशी फुटबॉलशी तुलना केल्यास रचनेतील फरक स्पष्ट होतो : तेथे छोट्या गावाचा क्लबही राष्ट्रीय संघटनेच्या पायऱ्यापायऱ्यांच्या विभागांत हंगामभर ठरलेले सामने खेळतो आणि गुणांनुसार वर चढतो वा खाली येतो, तर वऱ्हाडी मंडळ बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका रात्रीच्या पराभवाने बाहेर पडते. वऱ्हाडी खेळाडूला सातत्याने सामने मिळत नाहीत, ही या पद्धतीची खरी उणीव होय.

महिला संघ : महिलांचे मैदान १२ मी. × ८ मी. असते.

मैदान : पुरुषांचे मैदान १३ मी. × १० मी. असते. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खेळापूर्वी तिच्यावर पाणी मारून, दाबून, सपाट करून घ्यावे लागते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीनंतर मॅट हेच मोठ्या स्पर्धांचे परिचित रूप झाले; अनवाणी पायांनी मातीवर तयार झालेल्या चढाईपटूला तेथे बूट घालून पदन्यास नव्याने बसवावा लागतो.