ज्या चिकाने घडले, त्याच चिकाने सांधले

लाख म्हटली की आपल्याला लाखेच्या बांगड्या आणि खलित्यांवरच्या मोहरा आठवतात. ही लाख कीटकांपासून मिळते. जपानच्या विख्यात रोगणकामाचे द्रव्य मात्र सर्वस्वी निराळे आहे. ‘उरुशी’ नावाच्या वृक्षाचा तो चीक होय. हा वृक्ष आपल्या बिब्ब्याच्याच कुळातला. म्हणून त्याचा ओला चीकही अंगास लागला की पुरळ उठते.

असा हा दाहक चीक जपानने प्राचीन जोमोन काळापासून वापरला. त्या काळची फुटलेली मृत्पात्रेही त्याने सांधलेली आढळली आहेत. वस्तू घडविणारे आणि तिची डागडुजी करणारे द्रव्य तेथे एकच. तुकडे जोडावयाचे असतील, तर गव्हाचे पीठ पाण्यात मळून त्यात कच्चा चीक घोटतात, ही ‘मुगी-उरुशी’. टवका उडून खळगा पडला असेल, तर चिकात लाकडाचा भुसा व तंतू कालवून केलेला ‘कोकुसो’ त्यात भरतात. त्यावर ‘तोनोको’ या मातीची वस्त्रगाळ पूड, पाणी आणि चीक यांचा ‘साबी’ नावाचा लेप देऊन पृष्ठभाग सारखा करतात. मग रोगणाचे हात देतात.

पण येथे घाई उपयोगी पडत नाही. हा चीक उन्हाने वाळत नाही. दमट, उबदार हवेतच त्यातील विकर प्राणवायूच्या साहाय्याने त्याला कठीण बनविते. म्हणून वस्तू ओलसर कपाटात ठेवावी लागते. एक थर घट्ट झाला, की तो घासावयाचा आणि मगच पुढचा द्यावयाचा.

याहून मोठी प्रतीक्षा झाडाची. दहा-पंधरा वर्षे वाढलेल्या झाडाला हंगामभर चिरा पाडल्या, तरी सुमारे २०० ग्रॅम चीक मिळतो. त्यानंतर बहुधा ते झाड तोडतात. आधुनिक काळात जपानची गरज मुख्यतः चिनी चिकावर भागू लागली आणि देशी चीक काढणारे विरळ झाले. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या मंदिरांच्या दुरुस्तीलाही तो पुरेना. अखेर २०१५ साली जपानच्या सांस्कृतिक खात्याने ठरविले की, अशा वास्तूंच्या दुरुस्तीस शक्यतो देशी चीकच वापरावा. त्यामुळे, जेथून या चिकाचा मोठा भाग येतो, त्या इवाते प्रांतातील जोबोजी भागात नवी लागवड आणि नवे कारागीर यांची निकड उत्पन्न झाली.

जुन्या वस्तूंचे जतन म्हणजे केवळ जुन्याची राखण नव्हे. उद्या तडकणाऱ्या पात्रासाठी आज रोप लावावे लागते. आणि ते लावणाऱ्याच्या हातून ते पात्र सांधले जाईलच, असे नाही.