राणीच्या तोंडचे वाक्य

इतिहासाचा मास्तर म्हणून तीस-एक वर्षे मी एक गोष्ट मुलांना मोठ्या रंगाने सांगत असे. पॅरिसच्या बायका पावासाठी टाहो फोडीत आहेत, आणि राणी मारी आंत्वानेत विचारते, "पाव नसेल तर केक का खात नाहीत?" वर्गात हशा पिके आणि फ्रेंच राज्यक्रांतीचे कारण मुलांच्या डोक्यात पक्के बसे.

गेल्या पौषात मी मुलाकडे पुदुच्चेरीस गेलो होतो. १९५४ पर्यंत हे गाव फ्रेंचांच्या अमलाखाली होते, आणि त्यांच्या पद्धतीच्या बेकऱ्या तेथे अद्याप आहेत. घराशेजारच्या अशाच एका बेकरीत नातवाने मला ओढीत नेले. क्रुआसाँ नावाचा चंद्रकोरीसारखा पदार्थ प्रथम पुढे आला. आपल्या चिरोट्याला साटा लावून पदर काढतात, तसेच याचे पदर लोण्याने सुटतात. मात्र पीठ आंबवलेले असते व तळण्याऐवजी भट्टीत भाजतात. मग ब्रिऑश आला. लोणी आणि अंडी घालून केलेला हा गोडसर, मऊ पाव. (अंड्याचे नाव निघताच आमच्या मंडळींनी बशी दूर सारली, त्यांचाही वाटा मला मिळाला.) नातू म्हणाला, "आजोबा, राणीने सांगितलेला केक तो हाच का?"

प्रश्न बिनतोड होता. मूळ फ्रेंच कथेत शब्द ब्रिऑश असाच आहे. परंतु ती कथा येते रूसोच्या आत्मचरित्रात, आणि तेथे बोलणारी एक 'थोर राजकन्या' आहे, तिचे नाव नाही. रूसोने तो भाग लिहिला तेव्हा मारी आंत्वानेत व्हिएन्नात खेळण्याच्या वयाची होती. तिचा जन्म १७५५ चा; लग्न होऊन ती फ्रान्सात आली १७७० साली. ते वाक्य तिच्या माथी मागाहून मारले गेले. आणि मारणाऱ्यांत, श्रोतेहो, मीही होतो.

वास्तविक खरी हकीकत याहून भयंकर आहे. १७८८ साली पीक बुडाले. पॅरिसात चार पौंडांचा पाव आठ-नऊ सूंना मिळे, तो १७८९ च्या आरंभी साडेचौदा सूंवर गेला. मजुराच्या रोजाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग एका पावातच जाई. ५ ऑक्टोबर रोजी हजारो बायका पावसात व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीस पॅरिसला घेऊन आल्या. 'बेकरीवाला, त्याची बायको आणि त्याचा पोऱ्या यांना आणले,' असे त्या ओरडत होत्या. पोऱ्या म्हणजे युवराज. परंतु राजा आला म्हणून पाव वाढला नाही. २१ ऑक्टोबरला फ्रांस्वा नावाच्या एका बेकरीवाल्यावर पाव दडविल्याचा संशय घेऊन जमावाने त्यास फासावर लटकविले. हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. केकच्या वाक्यापुढे त्याची गरजच भासली नाही.

एकदा पोळल्यावर मी क्रुआसाँचेही मूळ शोधले. तुर्कांनी १६८३ साली व्हिएन्नास वेढा घातला, तो उठल्याच्या आनंदात तेथील बेकरीवाल्यांनी हा चंद्रकोरी पाव केला, आणि याच राणीने तो फ्रान्सात आणला, असे सांगतात. यालाही आधार नाही. व्हिएन्नातील किप्फेर्ल हा कोरीच्या आकाराचा पाव त्या वेढ्याहून पुष्कळ जुना आहे. पॅरिसकरांना त्याची गोडी लावली आउगुस्ट त्सांग या ऑस्ट्रियन माणसाने. पूर्वी तो तोफखान्यातला अधिकारी होता. १८३८ च्या सुमारास त्याने र्‍यू द रिशलियू या रस्त्यावर व्हिएन्नी पद्धतीची बेकरी काढली. दहा वर्षांनी हा गृहस्थ मायदेशी परतला व 'दी प्रेसे' हे वृत्तपत्र काढून बसला! आजचा पदरांचा क्रुआसाँ तर विसाव्या शतकात रूढ झाला.

माझा एक विद्यार्थी आज इतिहास शिकवितो. त्यास मी सर्व कळविले. त्याचे उत्तर आले, "सर, ती गोष्ट काढली तर मुले पेंगतात. तिच्या जागी काय सांगू?" मी त्यास फ्रांस्वाची हकीकत तारखेनिशी लिहून पाठविली आहे. त्याच्या पत्राची वाट पाहत आहे.